आमचा शॉवर मराठी समजायचा

गेल्या हिवाळ्यात काही आठवडे मी आमच्या घरी शॉवर म्हणून काम केलं. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. (ती हे वाचेल तेव्हा मी कल्याणला शाळेत असेन, अशी व्यवस्था केलेली आहे.)

मी विज्ञान शिकवतो. सकाळपासून इतकं बोलतो, की डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत आतले शब्द संपलेले असतात. म्हणजे, लोकांना मी असं सांगतो. खरं तर सुट्टीच्या दिवशीही मी बोलत नाही. आमचे वडीलही तसेच. जेवताना 'मीठ' म्हणायचे आणि मीठ ताटात पडलं की त्या दिवसाचा संवाद पार पडला असं धरलं जायचं.

आई मात्र अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही सगळ्यांशी बोलते. माणसं मिळाली नाहीत तर वस्तूंशी. कुकरला सांगते, "झालं ना आता? किती शिट्ट्या मारशील?" करकरणाऱ्या पंख्याला विचारते, "तुझेही गुडघे दुखतात वाटतं?" आम्हाला त्याचं काही वाटत नाही. घरात मी असताना तिने पंख्याशी बोलावं हे स्वाभाविकच आहे, असं माझं मत होतं.

तर, दिवाळी आटोपल्यावर आई बाथरूममध्ये भरलेली बादली सरकवायला गेली, घसरली, आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये घेऊन घरी आली.

"आई, काही काळजी करू नका, मी घालेन तुम्हाला आंघोळ," वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"का? मी काय बाळंतीण आहे?"

"अहो, पण एका हाताने कसं जमेल? डाव्या हाताने तांब्या तरी उचलतो का तुमच्या?"

"नाही ना उचलत. मग नाही करत आंघोळ. पण करीन तेव्हा माझी मी करीन. ज्या दिवशी ती दुसऱ्याने घालायची वेळ येईल ना, त्या दिवशी..."

आणि आई थांबली. आई वाक्य अर्धवट सोडत नाही. उलट दुसऱ्यांची अर्धवट वाक्यंसुद्धा पूर्ण करून देते. त्यामुळे मी घाबरलो.

आई खरोखरच आंघोळ करेना. ओल्या फडक्याने तोंड पुसायची, पावडर लावायची आणि देवापुढे बसायची. देवाला म्हणायची, "आज असंच चालवून घे." आम्ही दोघं दाराआडून बघायचो. वैशालीचे डोळे भरून यायचे. माझे येत नाहीत. मी वर बघायला लागलो, आणि तिथे मला शॉवर दिसला.

आमच्याकडे शॉवर होता! फ्लॅट घेतला तेव्हापासून होता. त्याच्यावर आम्ही ओले पंचे वाळत घालायचो. आंघोळ त्याच्याखाली कोणी करत नसे, कारण त्याचा स्वभाव. दांडा एकच. तो डावीकडे नेला की चटका, आणि तिथून केसभर उजवीकडे आला की हिमालय. मधलं काही नाही. एकदा मेहुण्याने पैज लावून त्याच्याखाली आंघोळ केली होती. तो अजूनही आमच्याकडे मुक्कामाला राहत नाही.

पण शॉवर चालला असता, तर आई प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, हाताला पिशवी बांधून, डाव्या हाताने दांडा वर करून आपली आपण आंघोळ करू शकली असती. मी प्लंबरला बोलावलं. त्याने दांडा वर-खाली केला, गिझरला टिचकी मारली आणि निदान केलं.

"सर, गारला प्रेशर आहे, गरमला नाय. गार येतंय डायरेक्ट टाकीतून. गरम येतंय ह्या म्हाताऱ्या गिझरमधून, आतून सगळा क्षार बसलेला. मग गार काय करतं, गरमला दाबून टाकतं. दोघांचं प्रेशर सारखं करायचा व्हॉल्व्ह टाकायला लागेल. टाइल फोडू. सोमवारी येतो."

कुठल्या सोमवारी, हे मी विचारलं नाही. विचारायला बोलावं लागतं.

दोन सोमवार गेले. मग माझ्यातला विज्ञानशिक्षक जागा झाला. दाबाचा धडा मी इतकी वर्षं शिकवतोय! गरमचा दाब वाढवता येत नसेल तर गारचा कमी करायचा. झालं! शॉवरच्या गार पाण्याच्या पाइपावरचा कॉक आमच्या ड्राय बाल्कनीत आहे, बरोबर बाथरूमच्या खिडकीखाली. तो मी आवळत गेलो आणि शॉवरखाली हात धरत गेलो. बाल्कनी, बाथरूम, बाल्कनी, बाथरूम. शेवटी त्या दांड्यातून मानवाला सोसेल असं पाणी आलं. डोळ्यात पाणी यायचं तेवढं राहिलं.

आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावर कर्णिककाकूंनी भांडी घासायला नळ सोडला. गारचा जोर ओसरला, आणि माझा हात भाजला. काकूंनी नळ बंद केला, हिमालय. परत सोडला, चटका. माझा तोल काकूंच्या भांड्यांवर अवलंबून होता!

पण तोवर वैशालीने आईला सांगून टाकलेलं, "आई, शॉवर दुरुस्त केला ह्यांनी." आई टॉवेल, साडी, परकर घेऊन दारात उभी. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला 'थांब' म्हणवेना. मी ठरवलं, आजच्या दिवस बाल्कनीत कॉकपाशी उभं राहायचं. फक्त आजच्या दिवस.

(इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ती खिडकी माझ्या डोक्याच्या वर आहे, काचा धुरकट आहेत, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. फक्त ऐकू येत होतं.)

आत दांडा वर झाला. पाणी पडू लागलं. खाली काकूंचा कुकर धुवायला आला असावा, कारण आई ओरडली, "अरे मेल्या, भाजतंय!"

'मेल्या' ही हाक मी लहानपणापासून ओळखतो. माझा हात आपोआप कॉकवर गेला. अर्धा आटा उघडला.

"हं," आई म्हणाली. मग, "आता फार गार केलंस."

मी पाव आटा आवळला.

मग हळूच, "अगदी किंचित अजून?"

किंचित आवळला.

"अगो बाई," आई म्हणाली. आणि मग कितीतरी वेळ नुसतं पाणी पडण्याचा आवाज आला.

मला आठवलं, लहानपणी ती बंबातलं कढत पाणी बादलीत काढायची, त्यात गार पाण्याचं विसण घालायची, कोपरापर्यंत हात बुडवून ढवळायची, आणि विचारायची, "हवं तसं झालं का रे?" मी मान हलवायचो.

आई बाहेर आली ती लालबुंद आणि हसरी. "वैशाली, अगं त्याला म्हटलं भाजतंय, तर गार झालं! म्हटलं गार झालं, तर कोमट! आपण बोलतो ते कळतं गो त्याला!"

"काय सांगता आई!"

"आता निघालंय म्हणे असं. नंदूने गुपचूप बसवलं. सांगितलंन का एका शब्दाने?"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. सांगणारच होतो. तेवढ्यात आई म्हणाली, "कोणाची म्हणून मदत लागली नाही मला."

मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी परत बाल्कनीत. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी वैशालीने विचारलं, "अहो, तुम्ही रोज सकाळी बाल्कनीत काय करता?"

"प्राणायाम," मी म्हणालो. तोंडाला आलं ते बोललो. ती इतकी खूश झाली की मला लाज वाटली. किती वर्षं मागे लागली होती बिचारी! तिने माहेरी फोन केला. "अगं, ह्यांनी सुरू केलं!" मग म्हणाली, "प्राणायामात हात मोकळेच असतात ना? मग तेवढे कपडे घाला वाळत." त्यामुळे त्यानंतर खांद्यावर ओले परकर, तोंडात चिमटा आणि एक हात कॉकवर, अशा अवस्थेत मी श्वास घेत असे. शाळेत रोज उशीर. मुख्याध्यापकांना कारण काय सांगणार? 'आईला कोमट करत होतो'?

हे एवढ्यावर राहिलं असतं. पण आईने शॉवरचं कर्णिककाकूंना सांगितलं.

कर्णिककाकूंच्या मुलाने, परागने, त्यांना अमेरिकेहून एक बोलणारं यंत्र पाठवलं होतं. ते दिवा लावायचं, गाणी लावायचं, पण त्याला मराठी कळायचं नाही. काकू त्याच्याशी इंग्रजीत बोलायच्या आणि ते काकूंची इंग्रजीत माफी मागायचं. पूर्ण बिल्डिंगमध्ये त्या यंत्राचा दरारा होता. आईने तो एका वाक्यात संपवला.

"आमच्या शॉवरला मराठी कळतं हो. कोकणातलंसुद्धा."

"कुठल्या कंपनीचा?" काकूंनी जिन्यात मला अडवून विचारलं.

"असाच... लोकल आहे," मी म्हणालो. हे तरी खोटं नव्हतं.

एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काकू. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी. "आमचा गिझर बिघडलाय. म्हटलं बघावं तरी तुमचं काय ते." त्यांचा गिझर बिघडला नव्हता. खाली त्यांच्याच घरात कर्णिककाकांची आंघोळ चाललेली मला ऐकू येत होती!

मी वैशालीला खुणावलं, नको म्हणून सांग. तिला वाटलं मी चहा मागतोय. आई तोवर काकूंना बाथरूमपर्यंत घेऊनही गेली. आता मी काय करायला हवं होतं? सभ्य माणसाने अशा वेळी घराबाहेर पडावं. पण मी बाहेर पडलो असतो तर काकू भाजल्या असत्या, आणि आई खोटी पडली असती. कर्णिककाकूंसमोर! मी पंचा कानांवरून घट्ट बांधला, डोळे मिटले आणि बाल्कनीत गेलो. कानांवर पंचा असल्यामुळे सूचना नीट ऐकू येईनात. म्हणून एक कान उघडा केला.

"हॅलो," आतून काकू म्हणाल्या. "हॅलो? आर यू देअर?"

"मराठीत बोला," दाराबाहेरून आई.

"सवय नाही हो मशीनशी मराठीची. वॉर्म! वॉर्म प्लीज!"

मी आवळला. नेमका त्याच क्षणी खाली काकांनी दुसरा नळ सोडला.

"आई गं! कोल्ड! कोल्ड! कोल्ड!"

मी घाबरून कॉक उलटा फिरवला. जोरात फिरवला. एवढा फिरवला की त्याची मूठ निघून माझ्या हातात आली, आणि गार पाणी पूर्ण सुटलं.

त्यानंतर आतून ज्या शिव्या आल्या त्या इंग्रजी नव्हत्या. काकू लहानपणी वसईला होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. मी एका हातात मूठ, दुसऱ्या हातात काही नाही, असा उघड्या आट्याकडे बघत उभा. दाराबाहेरून आईचा आवाज येत होता, अगदी समजुतीचा, "ओरडू नका हो! त्याला अपमान चालत नाही. गोडीत सांगा!"

"सांगतेय काय गोडीत! बंद कसा करायचा तो मेला?"

"दांडा खाली करा. आणि मेला म्हणू नका. मेला मीच म्हणते त्याला."

काकू निळ्या होऊन बाहेर आल्या. वैशालीने आल्याचा चहा दिला. "डिफेक्टिव्ह पीस आहे," काकू दात वाजवत म्हणाल्या. आणि आई, माझी आई, इतकी सुखावली होती, की तिने त्यांना दुसरा कपही घ्यायला लावला.

त्या संध्याकाळी मी पकडीने मूठ परत बसवली. सोमवारी आई शॉवरखाली बसल्या बसल्या म्हणाली, "बरं केलंस. माझ्याशिवाय कोणाचं ऐकू नकोस."

मी पाव आटा आवळला. तिला आवडतं तसं.

आणि इथून पुढे गंमत माझ्या हाताबाहेर गेली. शॉवर आता भरवशाचा ठरला होता. आई त्याला नुसते हुकूम देईना, त्याच्याशी बोलायला लागली. वैशालीने आमटीत गूळ कमी घातला पण तिला सांगायचं नाही. कर्णिककाका काकूंच्या यंत्राला चोरून हिंदी शिकवतायत. गुडघ्याचं तेल काही कामाचं नाही. मी भिंतीकडे तोंड करून, परकर खांद्यावर घेऊन हे सगळं ऐकायचो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने चोरून ऐकू नये हे मला कळत होतं. पण कॉक सोडून जाणार कुठे? आणि खरं सांगू? मला आवडायला लागलं होतं. आई इतकी विनोदी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. दोनदा हसू दाबताना तोंडातला चिमटा खाली काकूंच्या खिडकीवर पडला.

मग एके दिवशी ती माझ्यावर आली.

"आमचा एक आहे बाहेर," ती शॉवरला म्हणाली. "शाळेत तास तास बोलतो म्हणे. घरात नाही बोलत. माझ्याशी तर नाहीच."

मी चिमटा तोंडातून काढला.

"दहा वर्षांचा असताना मी त्याला कल्याणला मामाकडे ठेवला. गावात हायस्कूल नव्हतं रे. एसटीत बसवला तेव्हा रडला नाही. मीच रडले. तेव्हापासून गप्प झाला तो. मला नेहमी वाटतं, त्याच्या मनात राहिलंय ते. सांग बरं तू मला. माझं चुकलं का?"

पाणी पडत होतं. आई थांबली होती. ती उत्तराची वाट बघत होती!

आता मला इथे खरं ते लिहायलाच हवं. मामाकडे माझं उत्तम चाललं होतं. घरात सात पोरं, आजूबाजूला नाही म्हटलं तरी सत्तर. बोलायला संधीच मिळायची नाही, आणि मला ते फार सोयीचं वाटलं. मामी भाकरीवर लोणी ठेवायची. मी रडलो नाही कारण एसटीत खिडकीची जागा मिळाली होती. मनात काही राहिलेलं नाही. मी मुळातच असा आहे. हे इतकं सोपं उत्तर होतं, आणि मी खिडकीखाली उभा राहून ते देऊ शकत नव्हतो, कारण शॉवर बोलत नाहीत.

पण काहीतरी करायला हवं होतं. मी कॉक हळूच आवळला. पाणी थोडं ऊन केलं. तिला आवडतं त्याहून जरासं जास्त.

मग आई म्हणाली, "हं. कळलं."

काय कळलं? मी दिवसभर वर्गात तोच विचार करत होतो. ऊन म्हणजे 'हो' की 'नाही'? आमच्यात काहीच ठरलेलं नव्हतं! मी तिला 'नाही गं' म्हणायला गेलो, आणि कदाचित 'हो, चुकलं तुझं' म्हणून बसलो. दुसऱ्या दिवशी मी वाट बघितली, की ती पुन्हा विचारेल. ती फक्त म्हणाली, "आज थंडी आहे नाही?" आणि तो विषय तिने पुन्हा कधी काढला नाही.

त्यानंतरच्या एका सोमवारी प्लंबर आला. मी शाळेत होतो. संध्याकाळी घरी आलो तर दोन टाइल नव्या, पाइपावर पितळी व्हॉल्व्ह, आणि वैशाली खुशीत. "दोघांचं प्रेशर सारखं झालंय म्हणाला. आता खाली कोणी काही सोडा." मी स्वतः तपासलं. दांडा मधे ठेवला की पाणी कोमट. काकूंनी भांडी घासली, काकांनी आंघोळ केली, कोमट ते कोमटच. त्या व्हॉल्व्हइतका चांगला दाबाचा धडा मी वर्गात कधी शिकवला नव्हता.

आईचं प्लास्टर तोवर सुटलं होतं, पण तिने शॉवर सोडला नव्हता. आपली आपण आंघोळ करून बाहेर आली. केस पुसत बसली.

"कसा आहे आता?" वैशालीने विचारलं.

"पाणी चांगलं आहे." मग माझ्याकडे बघून, "पण नंदू, बिघडवून टाकलास रे त्याला. काही म्हटलं तरी ढिम्म. गार कर म्हटलं, नाही केलंन. मेल्या म्हटलं, तरी नाही. आधीचा माणसातला होता."

"परत बसवून घेऊ या का जुनं?" वैशालीने मला विचारलं. मी मान हलवली. कुठल्या दिशेने, ते मलाही सांगता येणार नाही.

आई आता पुन्हा पंख्याशी बोलते. मी मधूनमधून प्रयत्न करतो. परवाच तिच्या शेजारी जाऊन बसलो, घसा साफ केला. तिने अपेक्षेने बघितलं. मी म्हणालो, "पाणी येतं ना नीट?" ती म्हणाली, "येतं हो." मग आम्ही दोघंही पंख्याकडे बघत बसलो.

हे मी लिहितोय तेव्हा ती पलीकडच्या खोलीत मटार सोलते आहे. मधे फक्त एक पडदा आहे. इथे तुम्हा सगळ्या अनोळखी माणसांना मी एवढं सांगून बसलोय, आणि त्या पडद्यापलीकडे जाऊन 'तुझं काही चुकलं नाही' एवढं माझ्याने म्हणवत नाही. तेवढं एक वाक्य मी आईला देणं लागतो.